दीड वर्षाच्या बाळाला कारमध्ये मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का?

नाही हो, अजिबात नको. मी ठाण्याची, इथे घोडबंदर रोडला समोरचा कधी कचकन ब्रेक मारेल सांगता येत नाही आणि ५० च्या स्पीडला धडक बसली तर १० किलोचं बाळ कितीही घट्ट धरा, हातात राहतच नाही. स्वतःच्या बेल्टमध्ये त्याला घेणं तर त्याहून वाईट, तुमचंच वजन त्याच्यावर येतं.

लहान मुलांची वेगळी कार सीट मिळते ती घ्या, गाडीच्या मागच्या सीटवर लावा, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, कारण मान अजून नाजूक असते. एअरबॅगसमोर अशी सीट कधीच लावू नका प्लीज. गाडीत आयसोफिक्स हुक, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायचे हुक, आहेत का बघा. १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंडही आहे. पहिले काही दिवस रडेल, रडू दे.