डावा हात काय करतोय, ते आधी बघा

प्र. मुलगी नऊ वर्षांची आहे, पियानोच्या क्लासला आठ महिने झाले. शाळेच्या गॅदरिंगला 'फ्युर एलिझ'च वाजवायचं म्हणते. जमेल का? (एक आई, कोथरूड)

पहिला भाग जमेल. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांनी आपल्या सगळ्यांना पाठ करून दिलाय तो तेवढाच. बेथोव्हेनच्या या १८१० मधल्या रचनेचं खरं रूप पुढे दिसतं. मध्येच उजव्या हाताला बारीक, पळते स्वर येतात. नंतर डावा हात खालचा एकच 'ए' स्वर ठोकत राहतो आणि वर उजव्याला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे अनेक स्वर. नऊ वर्षांच्या हाताला ते जड जाणार. पहिला भाग मूळ रूपातच बसवून 'ए'वर थांबू द्या, तो तिथे नीट संपतो. सोपं करून छापलेलं पूर्ण 'एलिझ' मात्र आणू नका, त्यात जीव उरत नाही. टाळ्याच हव्या असतील तर बुर्गम्युलर या संगीतकाराच्या ओपस १०० (ओपस म्हणजे रचनांचा प्रकाशन-क्रमांक) मधलं 'अराबेस्क' बघा. ऐकायला वेगवान, पण हाताला त्या मानानं सोपं.

प्र. तीस वर्षं पेटी वाजवतोय. आता डिजिटल पियानो घेतला, नोटेशन थोडंफार कळतं. कुठून सुरुवात करू? (सदाशिव पेठ)

उजव्या हाताची काळजी नाही. डावा मात्र तीस वर्षं भाता हलवत होता, त्याला आता पहिलीत बसवायचं! जी मेजरचा मिन्युएट घ्या, तीन मात्रांच्या नाचाची छोटी रचना. बाखच्या पत्नीच्या १७२५ च्या वहीत तो आहे, म्हणून बरीच वर्षं बाखच्या नावावर खपला. खरा कर्ता क्रिस्टियान पेत्सोल्ड. पांढरी पाच, म्हणजे 'जी', सा धरा: प, सारे गम, प, सा, सा. झाले पहिले दोन बार, तीन-तीन मात्रांचे. पहिल्या अर्ध्यात काळी पट्टी एकच, काळी तीन, म्हणजे तुमचा शुद्ध नी. दुसऱ्या अर्ध्यात काळी एकवर तीव्र मध्यम भेटेल.

आठवडाभर उजव्या हाताला पट्ट्यांना स्पर्शच करू देऊ नका. डाव्यानं खालची ओळ वाजवायची आणि वरची सरगम तोंडानं म्हणायची. अडखळाल तिथेच तुमचा डावा कच्चा आहे, तेवढा बार पुन्हा घ्यायचा.

प्र. मोझार्टनं स्वतः 'नवशिक्यांसाठी' म्हटलेला सोनाटा सहा महिने बसत नाहीये. (विद्यार्थी, कर्वेनगर)

के. ५४५ (मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) ना? त्यानं स्वतः ठेवलेल्या यादीत १७८८ मध्ये तसं लिहिलंय खरं, पण त्या शब्दावर जाऊ नका. चार बार होतात न होतात तोच सरळ स्केल (ओळीनं चढत-उतरत जाणारे स्वर) धावायला लागतात, आणि एक बोट घसरलं तरी शेजारच्या फ्लॅटमध्ये कळतं. आधी क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना (छोटा सोनाटा), सी मेजर. पुढच्या वेळी नवीन तुकडा निवडताना पहिलं पान बघू नका, सगळ्यात काळं, म्हणजे स्वरांनी गच्च भरलेलं दिसणारं बघा. त्यातले चार बार आठवडाभरात दोन्ही हातांनी संथ लयीत आले नाहीत तर वही मिटा.

प्र. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल का? (वाकड)

मिन्युएट आणि ती सोनाटिना त्यात मावतात. पट्टी हळू-जोरात दाबल्यावर आवाज बदलतो का, ते दुकानातच तपासा. आणि स्टँड घ्याच, पलंगावर ठेवून वाजवलं की मनगट वाकतं.