जिंतूरला पहिली, लातूरला शंभराच्या पुढं

प्रिय ताई,

दहावीला जिंतूर तालुक्यात पहिली आलेली तुमची लेक नीटच्या तयारीसाठी लातूरला गेली. आता दर रविवारच्या टेस्टमध्ये तिचा नंबर शंभराच्या पुढं असतो. ‘मी हुशार कधी नव्हतेच, गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून पहिली आले,’ असं ती फोनवर म्हणते. तिला परभणीला परत आणावं का, असं तुम्ही विचारताय.

आपण किती हुशार, हे लेकरू शेजारच्या बाकावर कोण बसलंय त्यावरून ठरवतं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८४ साली एका सहकाऱ्यासोबत हेच दाखवलं: कुवत सारखीच असली तरी जिथली बाकी मुलं सरासरीनं जास्त हुशार, अशा शाळेतलं मूल अभ्यासात स्वतःला कमी लेखतं. पुढं अनेक देशांत हेच आढळलं. लातूरच्या वर्गात तर नांदेड, बीड, हिंगोलीकडची गावोगावची पहिली आलेली लेकरं बसतात, वर नीट पुन्हा देणारे रिपीटर वेगळेच. तिची कुवत काही जिंतूरच्या स्टँडवर राहून गेली नाही. हे तिला स्पष्ट सांगा, कारण ‘मला जमतच नाही’ हे मनात बसलं की अभ्यासातला जीव जातो आणि मार्क खरंच घसरतात.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. तुमच्या लांबलचक पत्रात मार्कांखेरीज लेकीबद्दल एकच ओळ आहे: ती भजनी मंडळात पेटी वाजवायची, अकरावीपासून बंद केली. लहानपणापासून ‘आमची हुशार पोरगी’ एवढीच ओळख मिळालेल्या लेकराचा एक नंबर गेला, तर त्याला सगळंच गेल्यासारखं वाटतं. म्हणून फोनवर नंबर विचारू नका. मामा-काकांनाही विचारू देऊ नका, त्यासाठी वाईटपणा घ्यावा लागला तरी चालेल. कुठलं गणित सुटलं, कुठं अडलं, मेसचं जेवण कसंय, हे विचारा. सुट्टीला आली की पेटी काढून द्या.

परत आणायचं का, हे फोनवर ठरवू नका. लातूरला जाऊन दोन दिवस तिच्याजवळ राहा. तिला खरंच यायचं असेल तर आणा, तयारी परभणीतही होते. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा ‘जगून काय करू’ असं बोलली, तर त्याच दिवशी निघा आणि मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. तो तिच्या फोनमध्ये आजच सेव्ह करायला सांगा.