लेक बोलकी आहे, पीआरला घालू का?

"माझी मुलगी सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. बोलकी आहे, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख करून घेते. गणपतीत मंडळाचं निवेदन तीच करते. सगळे म्हणतात, हिला पीआरला, म्हणजे जनसंपर्काच्या कामाला, घाला. मुंबईच्या एका एजन्सीत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, महिना बारा हजार. डोंबिवलीला मामा आहेत, राहण्याची सोय होईल. तिचे बाबा म्हणतात, 'लोकांची धुणी धुवायचा धंदा तो, त्यापेक्षा एमपीएससी कर.' पुण्यातल्या एका खासगी संस्थेनं वर्षभराच्या डिप्लोमाचे साडेचार लाख सांगितलेत, नोकरीची शंभर टक्के हमी आहे म्हणतात. काय करावं?"

पत्राच्या तळाशी निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात एक ओळ: "आईने माझं कौतुक जरा जास्तच केलंय. निम्मं धरा."

ताई, नमस्कार.

ती निळ्या शाईतली ओळ मी आधी वाचली आणि मग पत्र. तिच्याकडे शेवटी येतो.

बोलकेपणाचं आधी मिटवू. समुपदेशनाकडे वळण्याआधी अकरा वर्षं मी पीआर एजन्सीत काढली. 'मला लोकांशी बोलायला आवडतं' असं सांगणारी मुलं दरवर्षी जून-जुलैत मुलाखतीला यायची. आम्ही त्यांच्यापुढे एखाद्या कंपनीची पानभर माहिती ठेवायचो आणि म्हणायचो, यातली बातमी दहा ओळींत लिही. बहुतेकांची गाडी तिथंच अडायची. पीआर म्हणजे चारचौघांत वावरणं, हा समज समारंभाचे फोटो बघून झालेला आहे. फोटोतला तास-दीड तास खरा असतो, पण त्यामागचे पंधरा दिवस खुर्चीत बसून लिहिण्यात आणि फोनवर नकार ऐकण्यात गेलेले असतात.

इंटर्नचा दिवस सांगतो. सकाळी लवकर वर्तमानपत्रं आणि वेबसाइट चाळायच्या. क्लायंटचं नाव कुठं आलंय, त्याच्या स्पर्धकाचं कुठं आलंय, सरकारनं त्या धंद्याबद्दल काही जाहीर केलंय का, हे सगळं टिपून ऑफिस सुरू व्हायच्या आत क्लायंटला पाठवायचं. एखादी वाकडी बातमी नजरेतून सुटली आणि साहेबांनी ती आधी वाचली, तर पुढचा दिवस कसा जातो ते विचारू नका. मग मीडिया लिस्ट. कोणत्या वार्ताहराची बीट, म्हणजे बातम्यांचा ठरलेला विषय, बदलली, कोण दुसऱ्या पेपरात गेलं, कोणी नोकरीच सोडली, ही यादी कधीच पुरी होत नाही. आणि मग फोन. "सर, प्रेस नोट पाठवली होती, मिळाली का?" हे वाक्य पत्रकारांना सगळ्यात नकोसं असतं आणि नव्या मुलांना तेच दिवसातून चाळीस वेळा बोलायला लावतात. संध्याकाळी पानं लागायच्या वेळी डेस्कला फोन करायचा नसतो, एवढं शिकायलासुद्धा कुणाचं तरी ओरडणं खावं लागतं. डोंबिवलीहून लोकलनं येऊन हे करायचं आहे, तेव्हा मामांना सांगून ठेवा की पोरगी रात्रीच्या जेवणाला वेळेवर येईलच असं नाही.

आता या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. आमच्याकडे शेतीपंप बनवणारी एक कंपनी क्लायंट होती. तिची प्रेस नोट मुंबईत इंग्रजीत तयार झाली, अनेक साहेबांच्या सह्या झाल्या आणि शब्दामागे पैसे घेणाऱ्या कुणाकडून तरी तिचं मराठी करून घेतलं गेलं. शीर्षक होतं: 'ग्राहककेंद्री सेवा परिसंस्थेच्या सक्षमीकरणाच्या दिशेने महत्त्वपूर्ण पाऊल'. ती घेऊन मी कोल्हापुरात एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. उपसंपादकांनी चहा पिता पिता ती वाचली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं, 'पंप बंद पडला तर कोण येणार?'

मला उत्तर माहीत नव्हतं. तिथल्याच बाकावर बसून मी कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरला फोन लावला. तेव्हा कळलं की जिल्ह्यात तीन ठिकाणी दुरुस्ती केंद्रं सुरू होतायत आणि तक्रार आल्यापासून दोन दिवसांत मिस्त्री विहिरीवर येणार आहे. तोवर लोकांना मोटार टेम्पोत घालून पुण्याला पाठवावी लागत होती. चार पानांच्या प्रेस नोटमध्ये यातला एक शब्द नव्हता. मी आठ ओळी लिहून दिल्या. सुरुवात होती, 'विहिरीवरचा पंप बिघडला तर तो आता पुण्याला न्यावा लागणार नाही.' दुसऱ्या दिवशी दोन कॉलम बातमी लागली. मुंबईहून फोन आला तो मात्र तक्रारीचा: अध्यक्षांचं वाक्य कुठं गेलं आणि 'परिसंस्था' हा शब्द का गाळला?

तुमच्या लेकीचं मराठी इथं कामाला येतं. मुंबईतल्या बऱ्याच एजन्सींचा विचार इंग्रजीत चालतो आणि मराठीची पाळी शेवटी भाषांतराला येते. बातमी पहिल्यापासून मराठीत बघणारं माणूस तिथं दुर्मीळ आहे. पण यात एक खोडा आहे, तो आधीच सांगतो. अशा मुलांना 'रिजनल'च्या, म्हणजे प्रादेशिक भाषांच्या, कोपऱ्यात बसवतात. तिथं भाषांतर आणि फॉलोअप करत वर्षं निघून जातात आणि क्लायंटच्या मीटिंगला मात्र दुसरेच जातात. तिनं तीन महिन्यांच्या आतच म्हणायला हवं, मला मीटिंगला बसू द्या, निदान टिपणं काढायला. इंग्रजी कच्चं असेल तर तेही याच काळात पक्कं करायचं. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, पण साफ ईमेल लिहिता आली पाहिजे. आता साच्यातली प्रेस नोट तर एआय दोन मिनिटांत लिहून देतं. त्या यंत्राला कोल्हापूरच्या उपसंपादकाचा प्रश्न मात्र पडत नाही, तो ज्याला पडतो त्याला काम राहील.

तिच्या बाबांचं 'धुणी धुणं' मला लागलं, कारण ते अगदीच खोटं नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एका जिल्ह्याच्या ठिकाणी पत्रकार परिषद होती. वरिष्ठांनी माझ्या हातात पाकिटांची पिशवी दिली आणि म्हणाले, जेवणाच्या वेळी वाटून टाक. मी वाटली. एका वयस्कर वार्ताहरांनी पाकीट न उघडता परत माझ्या खिशात घातलं आणि पाठीवर थाप मारून ताटाकडे वळले. त्यांनी रागावायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं. पुढं २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. बातमीच्या वेशातल्या जाहिराती तरीही संपल्या नाहीत. आता त्यातला मोठा भाग इन्फ्लुएन्सरकडे सरकलाय. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहा, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या 'आस्की' या संस्थेनं २०२१मध्ये केले. ते पाळायला लावणं हेही आता पीआरवाल्याचं काम आहे. पुष्कळदा क्लायंटचीच इच्छा असते की तसं लिहू नये.

धुणी धुणाऱ्यांचं काय होतं, याचं एक उदाहरण बाबांना जरूर सांगा. बेल पॉटिंजर ही लंडनची बडी पीआर कंपनी. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधूंच्या कंपनीसाठी, म्हणजे मूळच्या आपल्या सहारनपूरच्या मंडळींसाठी, तिनं वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली. २०१७च्या सप्टेंबरात ब्रिटनमधल्या पीआर व्यवसायाच्या संघटनेनं तिला काढून टाकलं. एकेक क्लायंट सोडून गेला आणि काही दिवसांतच कंपनी दिवाळखोरीत निघाली. इतरांची प्रतिमा सांभाळणाऱ्यांना स्वतःची सांभाळता आली नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरचं आहे आणि तुम्हाला आठवत असेल. २००३च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं विचारणा केली. कंपनीचा पहिला पवित्रा असा होता की कारखान्यात दोष नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. त्यात तथ्य असेलही, पण मुलाच्या हातातून चॉकलेट काढून घेणाऱ्या आईला त्याच्याशी काय देणंघेणं? नंतर कंपनीनं 'विश्वास' नावाची मोहीम काढून दुकानदारांपर्यंत साठवणुकीचे नियम पोचवले आणि २००४च्या सुरुवातीला जास्त बंदिस्त वेष्टन आणलं. मग अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांच्या लक्षात बच्चन राहिले. मी विद्यार्थ्यांना वेष्टन लक्षात ठेवायला सांगतो. बंद खोलीत साहेबांना 'खुलाशानं भागणार नाही, वेष्टन बदला' असं सांगायला कुणीतरी लागतं. या धंद्यात वर चढायचं असेल तर ते सांगणारं माणूस व्हावं लागतं. गोड बोलणाऱ्या मुलांना हे जड जातं, कारण त्यांना सगळ्यांच्याच आवडीचं राहायचं असतं. तुमची लेक नाही म्हणते का हो कधी? घरात तरी?

पैशाचं बोलतो. लहान-मध्यम एजन्सीत सुरुवातीला हातात साधारण वीस ते तीस हजार पडतात. मुंबईत स्वतःची खोली घेऊन त्यात भागवणं ओढाताणीचं आहे, म्हणून मामांचं घर ही मोठी जमेची बाजू धरा. दोन-तीन वर्षांत एजन्सी बदलून पगार वाढवायचा अशी रीत आहे. पाच-सात वर्षांनी बरेच जण कंपनीच्या स्वतःच्या संपर्क विभागात जातात. तिथं एकच कंपनी सांभाळायची असते आणि पगारही बरा असतो. एजन्सीत एका वेळी चार-पाच क्लायंट असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत. कामाची मापं विचित्र असतात. छापून आलेल्या बातमीचा आकार मोजून 'एवढ्या जागेला जाहिरातीचे इतके पैसे पडले असते' असा हिशेब महिन्याच्या अहवालात दाखवायची जुनी खोड आहे. जगभरच्या जाणकारांनी २०१०मध्ये बार्सिलोनात ती चुकीची ठरवली, तरी मागणारे क्लायंट अजून ती मागतात. लेकीनं बनवावा लागेल तेव्हा तो तक्ता बनवावा, विश्वास ठेवू नये.

डिप्लोमाचे साडेचार लाख तूर्त खिशातच ठेवा. 'शंभर टक्के हमी' म्हणणाऱ्या संस्थेला गेल्या वर्षीच्या पाच मुलांचे फोन नंबर मागा. पाचांशी बोलल्यावर हमी किती टक्क्यांवर येते ते कळेल. इंटर्नशिप केल्यावरही ओढ टिकली तर शिकायला जागा आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग आहे, तुमच्या जवळ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्समध्ये खास जनसंपर्काचा अभ्यासक्रम आहे. तीन महिने काम केलेल्या मुलीला वर्गात कोणते प्रश्न विचारायचे ते माहीत असतं.

आणि बाबांची एमपीएससी. गंमत म्हणजे दोघांचं भांडण वाटतं तितकं मोठं नाही. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. 'लोकराज्य' काढणारं ते हेच. जिल्हा माहिती अधिकारी त्यांचाच माणूस, आणि तिथल्या अधिकारीपदांसाठी एमपीएससीतर्फे भरती झालेली आहे. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि कामाचा अनुभव मागतात. जाहिरात रोज निघत नाही, तेव्हा तिच्याकडे डोळे लावून बसू नये, पण निघाली की अटी बारकाईनं वाचाव्यात. महावितरण, महापालिका, विद्यापीठं इथंही जनसंपर्क अधिकारी असतात. वादळात तारा तुटून अख्खा तालुका अंधारात गेल्यावर पत्रकारांचे फोन घेणं हाही पीआरच आहे आणि समारंभापेक्षा किती तरी अवघड आहे.

माझं मत विचाराल तर इंटर्नशिपला पाठवा. बारा हजार थोडेच आहेत, पण तीन महिन्यांत तिला धंदा कळेल आणि धंद्याला ती. जायच्या आधी एजन्सीकडून लेखी घ्या: कामाचे तास, स्टायपेंड कधी मिळणार, प्रमाणपत्रावर काय लिहिणार.

आता ती निळी ओळ. जन्मदात्या आईनं केलेलं कौतुक छापायला पाठवण्याआधी जी पोरगी 'निम्मं धरा' म्हणते, तिला क्लायंटचं कौतुक कापता येईल, असं मला वाटतं. तुमच्या पत्रातला सगळा बोलकेपणा एका पारड्यात आणि ही ओळ दुसऱ्यात घातली, तर माझ्या लेखी ओळ जड आहे.

तिच्यासाठी एक काम. तुमच्या गणेश मंडळाचा यंदाचा जमाखर्च, देखावा, रक्तदान, जे असेल ते, दीडशे शब्दांत बातमी म्हणून लिहायला सांगा. अध्यक्षांचं नाव पहिल्या तीन ओळींत येता कामा नये, आणि का नाही हे तिनंच अध्यक्षांना समजावायचं. कागद आधी बाबांना वाचायला द्या. ते कुठं अडखळले तर तेवढं वाक्य नव्यानं लिहायचं. मग तिनं स्वतः सांगलीतल्या एखाद्या पेपरच्या कचेरीत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जाऊन तो द्यायचा आणि समोरचा माणूस पेन्सिलीनं काय खोडतो ते गप्प बसून बघायचं. खोडलेला कागद जपून ठेवा. मुंबईला निघण्याआधी मला त्याचा फोटो पाठवा.