रिब्रीदर घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओपन सर्किटवर (सोडलेला श्वास पाण्यात जाऊ देणाऱ्या नेहमीच्या सिलिंडरवर) ट्रायमिक्सपर्यंत (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजनच्या मिश्रणापर्यंत) शिकून झालंय. आता 60 मीटरवरची बुडालेली जहाजं बघायची आहेत. रिब्रीदरची नावं : जेजे, रिव्हो, लिबर्टी, इन्स्पिरेशन... वाचून वाचून डोकं गरगरतंय. कोणता घेऊ? (पुणे)

'कोणता' हा तिसरा प्रश्न. पहिला, शिकवणार कोण? दुसरा, पाण्यात सोबत कोण? रिब्रीदर म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून, ऑक्सिजन मिसळून तोच श्वास परत देणारं यंत्र. त्याचं प्रशिक्षण त्या-त्या मॉडेलचं असतं. जेजेचं कार्ड खिशात आहे म्हणून रिव्हो पाठीवर चढवता येत नाही. सोबत्याचं यंत्र तुमच्यासारखंच असेल तर अडचणीत त्याचे हात बरोबर जागी जातात, आणि दोघांत मिळून सुटे भागही एकच सेट पुरतो.

रिब्रीदरकडे वळताय ते बरोबरच आहे. 60 मीटरवर दाब 7 बार. मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस तिथे ओपन सर्किटवर 140 लिटर गॅस बुडबुड्यांत घालवतो. म्हणजे 200 बारने भरलेलं 12 लिटरचं सिलिंडर सतरा मिनिटांत रिकामं, आणि त्यातला हेलियम काय भावाने मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. रिब्रीदरमध्ये शरीर जाळतं तेवढाच ऑक्सिजन खर्च होतो : फार श्रम नसतील तर मिनिटाला साधारण एक लिटर, मग खोली कितीही असो.

नावं घेतलेली चारही यंत्रं चांगली आहेत. इन्स्पिरेशन 1997 पासून बाजारात आहे. रिव्होत दोन स्क्रबर (कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे) एकामागे एक बसतात, लिबर्टीत दोन स्वतंत्र नियंत्रक आहेत. युरोपच्या ईएन 14143 मानकानुसार चाचणी झाली आहे का, एवढं विचाराच. त्यापुढे माझा निकष अगदी कारकुनी आहे : जिथे डाइव्ह करणार तिथे शुक्रवारी संध्याकाळी ऑक्सिजन मोजणारा सेल मेला, तर शनिवारी सकाळी नवा कोण देईल?

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक घ्यावा की मॅन्युअल? माझे प्रशिक्षक म्हणतात, मॅन्युअलमुळे माणूस जागा राहतो. (ठाणे)

म्हणणं खोटं नाही : मॅन्युअलमध्ये ऑक्सिजनकडे स्वतः लक्ष द्यावं लागतं, इलेक्ट्रॉनिकमध्ये यंत्र तो आपोआप सोडतं. पण इलेक्ट्रॉनिकवालाही हँडसेट (ऑक्सिजनचे आकडे दाखवणारा पडदा) बघत नसेल तर त्याने पाण्यात उतरूच नये. तुम्ही खोल जाणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट नक्की विचारा. बऱ्याच मॅन्युअल यंत्रांत ऑक्सिजन एका बारीक छिद्रातून ठरावीक वेगाने येत राहतो. त्यासाठी फर्स्ट स्टेजचा (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या झडपेचा) दाब खोलीनुसार वाढू दिलेला नसतो. बाहेरच्या पाण्याचा दाब त्याच्या जवळ पोचला की प्रवाह मंदावतो आणि पुढे बंदच पडतो. म्हणून अशा यंत्राला खोलीची सक्त मर्यादा असते. ती किती, हे कागदावर घ्या. दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

प्रश्न : खोलीवर गेलं की श्वास जड होतो असं सगळेच सांगतात. काउंटरलंग (श्वास साठवणारी पिशवी) छातीवर असलेला बरा की पाठीवर? (दुबई)

तुमच्या प्रश्नावर जरा रेंगाळतो, कारण घेणारे बॅटरी आणि स्क्रीनबद्दल तासभर विचारतात आणि श्वासाबद्दल कोणीच विचारत नाही.

काउंटरलंग कुठे आहे याने श्वासाचा फरक पडतो. पाठीवर असेल आणि तुम्ही आडवे पोहत असाल तर श्वास आत ओढायला थोडा जोर लागतो. छातीवर असेल तर सोडायला. खांद्यावरून येणारे मधल्यामध्ये, पण छातीपाशी गर्दी करतात. यात पसंतीला वाव आहे. मात्र गॅसच्या घनतेत नाही.

गॅव्हिन अँथनी आणि न्यूझीलंडचे भूलतज्ज्ञ सायमन मिचेल यांनी दिलेले आकडे तुमच्या स्लेटवर हवेत : घनता लिटरला 5.2 ग्रॅमच्या आत ठेवा, 6.2 कधीच ओलांडू नका. साधी हवा 30 मीटरवरच 5.2 ला टेकते. 60 मीटरवर 18/45 मिश्रण (18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम) साडेपाचच्या वर जातं, 15/55 पाचच्या आत राहतं. घनता वाढली की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला कमी पडतात. स्क्रबर ठणठणीत असला तरीही.

डेव्हिड शॉ 8 जानेवारी 2005 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगॅटमध्ये 270 मीटरवर मरण पावले ते असेच. दहा वर्षांपूर्वी तिथे बुडालेल्या डिऑन ड्रेयरचा मृतदेह वर आणायला ते उतरले होते. तळाशी दोरीशी झटापट, त्या श्रमाने श्वास वाढला. दाट गॅस फुप्फुसांतून पुरेसा हलेना, कार्बन डायऑक्साइड साचत गेला. ते मुरलेले डायव्हर होते.

तेव्हा काउंटरलंग अंगावर घालून बघा, पोहून बघा, जे सोसेल ते घ्या. आणि हेलियममध्ये काटकसर करू नका.

प्रश्न : बेलआउटसाठी (रिब्रीदर बिघडला तर ओपन सर्किटवर वर यायला) एक 11 लिटरचं सिलिंडर पुरेल ना? (नवी मुंबई)

गणित करूया. कार्बन डायऑक्साइड चढलेला माणूस मिनिटाला 40-50 लिटर सहज ओढतो. 60 मीटरवर म्हणजे 280 ते 350 लिटर. तुमच्या सिलिंडरमध्ये आहे साधारण 2200. सहा ते आठ मिनिटं, आणि डेको (वर येताना घ्यायचे थांबे) अजून सुरूही झालेलं नाही. पुरणार नाही. एक खोलीसाठी, एक डेकोसाठी, हे कमीत कमी. तोंडातच बेलआउट वॉल्व्ह (माउथपीस न काढता बेलआउटवर वळवणारी झडप) बसवून घ्या. धाप लागलेल्या माणसाला तोंडातलं माउथपीस काढून दुसरं घालणं जमत नाही, जमेल असं वाटतं फक्त.

प्रश्न : जुना रिब्रीदर निम्म्या किमतीत मिळतोय. सेल 'अजून छान चालतात' असं विकणारा म्हणतो. (बेंगळुरू)

सेलवरची उत्पादनाची तारीख वाचा. वर्ष-दीड वर्ष उलटलं असेल तर ते फेकायचे. किमतीत ते धरूच नका. नवे घ्याल तेव्हा यंत्रातले तिन्ही एकाच लॉटचे घेऊ नका. यंत्र तीनपैकी दोघांचं ऐकतं, आणि एका लॉटचे दोन सेल एकदम म्हातारे झाले की खरं बोलणारा तिसरा एकटा पडतो. हवेत 10.5 मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या सेलने शुद्ध ऑक्सिजनमध्ये 50 च्या आसपास दाखवायला हवं. विकणाऱ्यासमोर हे करून बघा.

आणि प्री-ब्रीद, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी यंत्रातून श्वास घेऊन तपासणं. मी एकदा किनाऱ्यावर बसून, गप्पा मारत ते करत होतो. सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारी विजेची झडप) टकटक वाजत होता. हँडसेटवर ऑक्सिजनचा दाब 0.7 बार हवा तिथे 0.5, मग 0.4. ऑक्सिजनचा वॉल्व्ह उघडायचाच राहिला होता. मला गरगरलं नाही, धाप लागली नाही. काहीही जाणवलं नाही. नजर खाली गेली म्हणून कळलं. स्क्रबर बिघडलाय हे प्री-ब्रीदमध्ये बऱ्याच जणांना उमगत नाही, पण बंद वॉल्व्ह आकड्यात दिसतो. बघत असलात तर.

प्रश्न : दादा, मी मालवणात डाइव्ह गाइड आहे. इथे रिब्रीदर घेऊन काही उपयोग? (मालवण)

पर्यटकांना घेऊन उथळ पाण्यात जायला? नाही रे. त्या पैशांत ओपन सर्किटवर पुढचं शिक्षण कर.

प्रश्न : परदेशी जाताना सोडालाइम (स्क्रबरमध्ये भरायचे दाणे) विमानात चालतं का? (नाशिक)

सोडियम हायड्रॉक्साइड 4 टक्क्यांपर्यंत असेल तर तो धोकादायक माल धरत नाहीत. तरी विमान कंपनीला आधी विचारा आणि सेफ्टी डेटा शीट छापून डब्यालाच चिकटवा. पांढऱ्या दाण्यांची पिशवी बघून कस्टमवाल्याच्या मनात काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको.