पदकं बघून लगेच हो म्हणू नकोस

तुझा मेसेज आणि सोबतचा ड्राफ्ट दोन्ही वाचलं. ड्राफ्टमध्ये अर्धं पान नुसती पदकांची यादी, आणि खाली तुझा प्रश्न की एवढं सगळं मिळालेल्या सैन्यातल्या कर्नलसाहेबांना ज्ञानकोशात जागा नाही असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने. अडचण कळते रे, नाही म्हटलं की शौर्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. पण शौर्य किती होतं ते ठरवायला सैन्य बसलंय, आपलं काम त्याहून कितीतरी साधं आहे. या माणसाबद्दल दुसऱ्या कुणीतरी, ज्याचा त्यात काही फायदा-तोटा नाही, नीट आणि सविस्तर लिहिलंय का, आणि त्याच्या आधारावर एक लेख उभा राहील का, बास एवढंच बघायचं.

आधी ती यादी फोडून बघ. काही पदकं शौर्याची असतात, काही उत्कृष्ट किंवा प्रदीर्घ सेवेची, आणि काही नुसती अमुक मोहिमेच्या वेळी तिथे ड्युटीवर होता म्हणून सगळ्यांनाच मिळणारी. फोटोत छातीवर रिबनच्या ओळी दिसल्या की आपण दबून जातो, पण त्यातल्या बऱ्याचशा या शेवटच्या प्रकारातल्या निघतात. परम विशिष्ट सेवा पदक नावावरून परमवीर चक्राचं सख्खं भावंड वाटतं, प्रत्यक्षात ते सेवेचं पदक आहे आणि बहुतेक करून फार वरच्या हुद्द्यावरच्यांना मिळतं. अमेरिकेचं पर्पल हार्ट शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला किंवा मारलं गेलेल्याला देतात, त्याला वेगळा पराक्रम दाखवावा लागत नाही. आणि आयर्न क्रॉस, नाव किती दणदणीत, पण पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग लाखो लोकांना वाटला गेला.

सर्वोच्च शौर्यपदक असेल तर मात्र गोष्ट वेगळी. परमवीर चक्र आजवर फक्त 21 जणांना मिळालंय, त्यातले 14 मरणोत्तर, ब्रिटनचा व्हिक्टोरिया क्रॉस 1856 पासून साधारण साडेतेराशे वेळा. इतकं दुर्मिळ काही मिळालं की इतिहासकार, पत्रकार कुणी ना कुणी त्या माणसापर्यंत पोचतोच. परमवीर चक्र मिळालेल्या रामा राघोबा राणेंनी 1948 मध्ये काश्मीरच्या युद्धात राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात हटवून रणगाड्यांना रस्ता करून दिला, हे त्या युद्धाच्या इतिहासात आलंय, त्यामुळे त्यांच्या नोंदीबद्दल कुणी वाद घालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर लष्करी इतिहासवाल्यांचा एक ठोकताळाच होता, देशाचं सर्वोच्च शौर्यपदक किंवा दुसऱ्या क्रमांकाचं एकाहून जास्त वेळा मिळालं असेल तर नोंद व्हायला हरकत नाही असं धरायचं. 2021 मध्ये तो मोडीत काढला, आता तिथेही स्रोतच बघतात. मला ते पटतं, कारण सर्वोच्च पदकाचीही कधीकधी गंमत असते. अमेरिकन यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी भरतीच्या मुदतीपेक्षा जास्त थांबणाऱ्यांना मेडल ऑफ ऑनर द्यायचं ठरलं आणि गोंधळात मेन राज्याच्या 27व्या रेजिमेंटच्या 864 जणांच्या नावे ते निघालं, घरी निघून गेलेल्यांच्याही! 1917 मध्ये फेरतपासणी होऊन एकूण 911 नावं यादीतून काढली गेली. आता या 864 जणांवर 864 लेख कोण लिहिणार होतं?

आता तुझ्या ड्राफ्टच्या स्रोतांकडे येतो, खरी गडबड तिथेच आहे. गॅझेटमधली ओळ पदक मिळालं एवढंच सिद्ध करते. सायटेशन, म्हणजे पदकासोबतचं पराक्रमाचं वर्णन, वाचताना अंगावर काटा येतो, मान्य, पण ते ज्या शिफारशीवरून तयार होतं ती त्याच्याच वरिष्ठांनी केलेली असते, तिला तटस्थ कसं म्हणायचं? रेजिमेंटच्या स्मरणिकेचंही तेच, घरच्यांनी छापलेल्या चरित्राचं तर विचारूच नकोस. आणि त्या सहा पेपरांच्या बातम्या तू सहा स्रोत म्हणून मोजल्यास ना, जरा शेजारी शेजारी ठेवून वाच, वाक्यंसुद्धा सारखी आहेत, सगळी एकाच प्रेसनोटची कॉपी, म्हणजे स्रोत एकच, आणि तोही सैन्याचा. माझी पद्धत अशी की सायटेशन आणि गॅझेट बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यावर लेख लिहून बघायचा. जन्म, भरती, निवृत्ती एवढंच हाती लागलं तर तो बायोडेटा झाला.

उलटं उदाहरणही डोक्यात असू दे. स्टानिस्लाव पेत्रोव्ह, सोव्हिएत सैन्यातला लेफ्टनंट कर्नल, सप्टेंबर 1983 मध्ये कॉम्प्युटर सांगत होता की अमेरिकेने क्षेपणास्त्रं सोडलीत, आणि याने हा खोटा अलार्म आहे असं ठरवून वर तसंच कळवलं. त्याबद्दल त्याला तेव्हा पदक सोड, लॉगबुक नीट भरलं नाही म्हणून बोलणी खावी लागली. पण नव्वदच्या दशकात ते बाहेर आल्यावर जगभर इतकं लिहिलं गेलं की नोंद न करणं हास्यास्पद ठरलं असतं. तुझ्या यादीच्या निकषावर हा माणूस पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

हुद्द्याचंही तसंच, जनरल झाला म्हणून आपोआप काही होत नाही, पण शोधायला लागलं की साहित्य सापडण्याची शक्यता वाढते एवढं खरं.

मग तुझ्या कर्नलसाहेबांचं काय? मला दिसतंय त्यावरून त्यांच्यावर जे खरंखुरं स्वतंत्र लिखाण आहे ते त्या एकाच लढाईबद्दल आहे, एका पुस्तकात दीड पान. मग लढाईच्या लेखातच त्यांच्यावर नीट एक परिच्छेद लिही, लष्करी चौकीचं नाव, तारीख, त्यांनी काय केलं, आणि पदकविजेत्यांच्या यादीत नाव टाक. वाचक तिथे येतोच, आणि आगापिछा नसलेल्या वेगळ्या लेखापेक्षा तिथे त्यांचं काम जास्त कळतं. घरच्यांनी पाठवलेले खाजगी तपशील, मुलांची नावं, आजारपण, पत्ता, हे मात्र कुठेच घालू नकोस. आणि त्या घरच्यांना उत्तर लिहिशील तेव्हा 'पात्र नाहीत' असलं काही लिहू नकोस प्लीज, अजून पुरेसं छापील साहित्य मिळालेलं नाही असं सरळ सांग आणि त्या लढाईवर आणखी कुणी अभ्यासकाने लिहिलेलं त्यांच्या पाहण्यात आहे का ते विचार, कारण अशा घरांत जुनी कात्रणं बरीच असतात आणि त्यात एखादं कामाचं निघू शकतं. ड्राफ्ट डिलीट करू नकोस, उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर.