अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं शॉट क्लॉक 30 सेकंदांवरून 24 वर आणावं का?

शॉट क्लॉक म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर रिंगकडे फेकायची मुदत. तुमचं म्हणणं असं, की एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) 24 सेकंदांवर खेळते, फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाचे जगभरचे सामने 24 वर होतात, महिलांची डब्ल्यूएनबीएसुद्धा 2006 पासून 24 वर आली. मग अमेरिकन कॉलेजची मुलंच 30 सेकंद चेंडू घेऊन का फिरतात?

माझं उत्तर: फिरू द्यावं. पण पूर्वी मला कुणी विचारलं असतं तर "उद्याच 24 करा" असं सांगून मी मोकळा झालो असतो.

मी महाराष्ट्रात आंतरमहाविद्यालयीन सामने खेळलोय. नियम फिबाचे, म्हणजे कागदावर 24 सेकंद. मैदानावर मात्र शॉट क्लॉकचा बोर्ड वगैरे काही नाही. टेबलावरचा एक मुलगा हातात स्टॉपवॉच धरून बसायचा आणि शेवटचे पाच सेकंद ओरडून मोजायचा. खरं सांगायचं तर त्याला ओरडायची वेळ क्वचितच आली. चेंडू मिळाला की आम्ही पळत सुटायचो आणि सात-आठ सेकंदांत कुणीतरी रिंगकडे भिरकावून द्यायचा. क्लॉकचा धाक वाटायला आधी वीस सेकंद चेंडू हातात टिकवता यावा लागतो. आम्हाला तेच येत नव्हतं.

पुढे शिकायला गेलो ते न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला. हे शॉट क्लॉकचं जन्मगाव आहे हे मला तिथे पोचल्यावर कळलं. गावात आर्मरी स्क्वेअर म्हणून भाग आहे, तिथे 24 सेकंदांच्या घड्याळाचं चक्क स्मारक उभारलंय. डॅनी बियासोन हा इटलीत जन्मलेला, बोलिंग ॲली चालवणारा माणूस सिरॅक्यूज नॅशनल्स या एनबीए संघाचा मालक होता. त्या काळी आघाडी मिळाली की संघ चेंडू दाबून बसायचे. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं. लेकर्सच्या 18 पैकी 15 गुण एकट्या जॉर्ज मायकनचे. तिकीट काढून आलेल्या लोकांनी काय पाहिलं असेल कोण जाणे.

बियासोनचा हिशेब दुकानदारी होता. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 शॉट घेतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. भागाकार केला, 24 आले. 1954-55 च्या मोसमात नियम लागू झाला, संघांची सरासरी सुमारे 79 गुणांवरून 93 वर गेली, आणि त्याच मोसमात अजिंक्यपद सिरॅक्यूजनेच घेतलं.

आता हाच भागाकार कॉलेजला लावून बघा. सामना 40 मिनिटांचा, 2400 सेकंद. हल्ली प्रत्येक संघाला सत्तरच्या आसपास पझेशन (चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या) मिळतात, दोघांची मिळून 140. उत्तर येतं 17 सेकंद. म्हणजे 30 सेकंदांची मुभा असूनही सरासरी पझेशन 24 च्या बऱ्याच आत संपतेच आहे. बहुतेक संघांना नवा नियम जाणवणारही नाही. जाणवेल तो मूठभर संथ संघांना. म्हणून "खेळ वेगवान होईल" हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो. खरा प्रश्न त्या मूठभरांना खेळू द्यायचं की नाही, हा आहे.

कॉलेजवाल्यांनी क्लॉक उगाच आणलं असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांची 'फोर कॉर्नर्स' प्रसिद्ध होती: चार जण चार कोपऱ्यांत, पाचवा मधे ड्रिबल करत राहणार, शॉट कुणी घेणारच नाही. 1979 मध्ये ड्यूकविरुद्ध मध्यंतराला त्यांच्या नावावर शून्य होतं, ड्यूकचे सात. 1982 ची एसीसी या त्यांच्या विभागीय गटाच्या स्पर्धेची फायनल त्यांनी व्हर्जिनियाविरुद्ध 47-45 अशी जिंकली. तीही टीव्हीवर, आणि लोक वैतागले. 1985-86 पासून पुरुषांसाठी 45 सेकंद आले, 1993-94 मध्ये 35 आणि 2015-16 मध्ये 30. गंमत म्हणजे महिलांच्या कॉलेज सामन्यांत 1970 च्या दशकापासूनच 30 होते. पुरुषांना तिथवर यायला पंचेचाळीस वर्षं लागली!

2015 चा बदल पटण्यासारखा होता. 2012-13 मध्ये एका संघाची सरासरी 67-68 गुणांवर घसरली होती, काही सामने बघवत नव्हते. 30 आल्यावर ती 73 च्या आसपास गेली. "बघा, क्लॉक कमी केलं की गुण वाढतात" म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. पण त्याच वर्षी टाइमआउट कमी केले, रिंगखालची कमान (जिच्या आत उभ्या बचावपटूला धडकेचा फाउल मिळत नाही) तीन फुटांवरून चार फुटांवर नेली आणि धक्काबुक्कीवर फाउल देण्याबाबत पंचांना सक्त ताकीद दिली. श्रेय एकट्या क्लॉकला कसं द्यायचं?

माझं मत कशामुळे बदललं, ते सांगतो. एनबीएत तीस संघ, सगळे निवडून-पारखून घेतलेले. कॉलेजच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. एका बाजूला पुढच्या वर्षी एनबीएत जाणारी मुलं, दुसऱ्या बाजूला अभ्यास सांभाळून खेळणारी. उंची, वेग, उडी यांत दुबळा संघ मार खाणारच. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वेळ. 1996 मध्ये कॉलेजांच्या मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्सटन विद्यापीठाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाला 43-41 असं घरी पाठवलं. पास, पुन्हा पास, बचावपटू वैतागून पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागून रिंगखाली धाव. शेवटचा ले-अपही (रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट) तसाच. तेव्हा 35 सेकंद होते. 24 असते तर असा खेळ करायला उसंत मिळाली असती का? चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायलाच कॉलेजमध्ये 10 सेकंद मिळतात. समोरच्याने प्रेस लावून, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगावर येऊन, त्यातले आठ-नऊ खाल्ले की हातात राहिले पंधरा. (एनबीए आणि फिबामध्ये ही मुदत 8 सेकंद आहे, त्यामुळे 24 आणलं तर हाही नियम हलवावा लागेल.)

याची दुसरी बाजू सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डोममध्ये, त्यांच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, दिसायची. प्रशिक्षक जिम बोहाइम यांचा 2-3 झोन, म्हणजे पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येकाने खेळाडूऐवजी जागा राखायची: लांब हातांची पाच मुलं, आणि समोरचा संघ कडेकडेने चेंडू फिरवतोय, आत शिरायला फट सापडत नाही. क्लॉकवर दहा दिसले की प्रेक्षक उठून उभे राहायचे. तिथे मला नेहमी हुतूतू आठवायचं. चढाईला आज 30 सेकंद आहेत, पण पूर्वी चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होतं. पकड करणाऱ्यांनी त्याला नुसतं रेंगाळवत ठेवलं तरी अर्धं काम झालं. क्लॉक सहा सेकंदांनी कमी करणं म्हणजे झोन लावणाऱ्या संघाला फुकटात दिलेली मदत. मग काय होईल? सगळेच झोन लावतील, आणि शेवटी कुणीतरी तीन-चार सेकंद उरले असताना लांबून थ्री-पॉइंटर फेकेल. आमच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसारखं, फक्त उडी जास्त उंच.

माझ्या विरोधात जाणारं उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये द्यालच. 2018 मध्ये यूएमबीसी या सोळाव्या मानांकित संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत असं पहिल्यांदाच झालं. आणि तिथे संथ संघ होता व्हर्जिनिया! मध्यंतराला 21-21, मग दुबळ्यांनी 53 गुण कुटले. म्हणजे संथपणा बलवानाच्याही अंगलट येतो: पझेशन जितक्या कमी, तितका नशिबाचा वाटा मोठा. पुढच्याच वर्षी हाच व्हर्जिनिया तसाच संथ खेळून विजेता झाला, हा भाग वेगळा. मला यातून एवढंच दिसतं, की वेगवेगळ्या चालीचे संघ एकमेकांसमोर आले की मार्चमध्ये झोप उडते. सगळ्यांना एका चालीत बसवलं तर एनबीएची दुय्यम प्रत बघायची, आणि खरी प्रत चॅनेल बदलला की मिळतेच.

आणखी एक. या मुलांनी शाळेत काय खेळलेलं असतं? अमेरिकेत हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांनी राज्यांना 35 सेकंदांचं क्लॉक लावायची मुभाच 2022-23 पासून दिली. कित्येक मुलं क्लॉकशिवाय खेळून कॉलेजात येतात.

हो, युरोपात सोळा वर्षांची पोरं 24 वर खेळतात, हे मला माहीत आहे. पण ती लहानपणापासून क्लबमध्ये त्याच नियमावर घडतात.

बदलायचंच असेल तर मी आधी आक्रमणातल्या रिबाऊंडनंतरचं (शॉट हुकून चेंडू पुन्हा त्याच संघाच्या हाती आल्यावरचं) क्लॉक बदलेन. 2019-20 पासून कॉलेजमध्ये ते 20 वर लावतात. एनबीए आणि फिबामध्ये 14. चेंडू रिंगखालीच हातात आलाय, मग पुन्हा बाहेर नेऊन पाल्हाळ लावायला 20 सेकंद कशाला? आणि शेवटच्या दोन मिनिटांचं काहीतरी करा हो. मुद्दाम फाउल, दोन फ्री थ्रो, टाइमआउट, पंच मॉनिटरकडे, परत फाउल. पुढच्या मार्चमध्ये चुरशीचा एखादा सामना लागला की क्लॉकवर 2:00 दिसताच मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करा. मी एकदा केलं होतं, आणि मधल्या वेळेत चहा करून, पिऊन, कप विसळून आलो तरी एक्केचाळीस सेकंद शिल्लक होते.