भावाला रूम कोण देणार, ताई?

"ताई, भाऊ जेलमधून सुटलाय, भाड्याने रूम बघतोय, घरमालकाला खरं सांगायचं की नाही?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, विचारणारी बहुतेक वेळा बहीण नाहीतर आई. म्हणून एका दादाचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दादा साडेचार वर्षं कच्चा कैदी, आधी आर्थर रोड मग तळोजा, शेवटी निर्दोष सुटला. आपल्या देशात जेलमधल्या चारातले जवळजवळ तीन जण असे कच्चेच असतात, म्हणजे निकालच लागलेला नसतो, पण चाळीत कच्चा-पक्का कोण बघतंय हो, आत जाऊन आलाय एवढंच पुरतं. लालबागच्या खोलीत भाऊ-वहिनी, वहिनी म्हणाली पोरी मोठ्या झाल्यात. मला तिचा राग नाही आला, तिची भीतीही खरीच होती. मग हा मशीद बंदरला कामाच्या गोदामातच झोपायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, आत निकालाची कॉपी, घड्या पडून पडून मधे फाटलेली, सेलोटेप लावलेली. प्रत्येक ब्रोकरसमोर आधी तीच काढायचा, आणि ब्रोकर "निर्दोष" या शब्दापर्यंत पोचायचाच नाही, वर 307 कलम, म्हणजे खुनाचा प्रयत्न, दिसलं की कागद परत. मी म्हटलं, दादा, खोटं अजिबात बोलायचं नाही, कोणी सरळ विचारलं तर सरळ सांगायचं, पण तू रूम बघायला गेलायस, जामीन मागायला नाही.

मग पोलिसांचा भाडेकरूंचा फॉर्म बघायला घेतला. सगळे त्याला पोलीस एनओसी म्हणतात आणि घाबरतात, खरं तर ती परवानगी नसते, घरमालकाने पोलिसांना द्यायची माहिती असते. फोटो, आयडी, कामाचा पत्ता, सगळं दादाने भरलं, आणि भाडेकरूला ओळखणाऱ्यांची नावं आली तिथे पेन थांबलं. "भावाचं लिहू?" म्हणाला, मग स्वतःच म्हणाला "नको". खूप वेळ तसाच बसून राहिला.

त्या दिवशी आम्ही रूम शोधणं थांबवलं. आधी दोन नावं. एक गोदामाचे शेठ, ते लगेच हो म्हणाले. दुसरं नाव मिळायला चार महिने गेले, ती खानावळवाली मावशी, जिच्या वहीत दादाच्या नावापुढे एकही बाकी नव्हती. तिला त्याने स्वतः सगळं सांगितलं, मी सोबत नव्हते. आणि रूमही तिनेच बघून दिली, विक्रोळी पार्कसाइटला तिच्या बहिणीच्या चाळीत, दहा बाय बारा, डिपॉझिट तीस हजार तीन हप्त्यांत. ब्रोकर लागलाच नाही.

अ‍ॅग्रीमेंट मात्र मी हट्टाने रजिस्टर करायला लावलं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, पण हजार-दोन हजार वाचवायला लोक साध्या स्टॅम्प पेपरवर भागवतात, आणि मग एखाद्या दिवशी कोणी कुजबुजलं की सामान बाहेर, हातात दाखवायला काही नाही. शिवाय आधारवर अजून लालबागचाच पत्ता होता, तोही याच कागदावर बदलून झाला.

दादा रात्रभर लाइट चालू ठेवायचा. बराकीत लाइट कधी बंदच होत नाही ना, अंधारात त्याला झोप यायची नाही. तिसऱ्या महिन्यात घरमालक काकांनी विचारलं, काय रे, रात्रभर जागतोस काय? तेव्हा दादाने सांगून टाकलं, कागदसुद्धा दाखवला. काकांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला, म्हणाले, "बरं, लाइटबिल वेळेवर भर." अजून तिथेच आहे तो, आता दुसरं अ‍ॅग्रीमेंट चालू आहे.

सगळेच काका असे नसतात, हे मला माहितीये. पण भाऊ ब्रोकरकडे जायच्या आधी त्याला एकदा शांतपणे विचार, तुझं नाव सोडून फॉर्मवर तो अजून कोणाचं नाव लिहील? कोणीच सुचत नसेल तर सुरुवात तिथून कर.